निष्क्रिय खातं

माझा जन्म कुणाचं नेतृत्व करण्यासाठी झालेला नाही, याबद्दल माझी, माझ्या बायकोची आणि माझ्या बँकेची पूर्ण खात्री आहे. बँकेनं ही खात्री गेली एकवीस वर्षं मला काउंटरच्या मागेच बसवून व्यक्त केली आहे. बायको असलं काही लेखी देत नाही, पण तिचं तोंडी काम लेखीपेक्षा पक्कं असतं. त्यामुळे एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर आमचे फादर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आपल्या धर्मग्रामातल्या पुरुषांची महिन्यातून एकदा बैठक सुरू करायची आहे, आणि ती तुम्ही चालवायची," तेव्हा मी आधी मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. माझ्या मागे सहसा कुणी नसतंच.

"फादर, मी?"

"तुम्ही बँकेत आहात. पैसे आणि माणसं, दोन्ही मोजायची तुम्हाला सवय आहे."

मोजणं वेगळं आणि सांभाळणं वेगळं, हे तेव्हा मला सुचलं नाही. सुचलं असतं तरी मी बोललो नसतो. काउंटरवर काम करणाऱ्या माणसाला उत्तरं नेहमी खिडकी बंद झाल्यावर सुचतात.

ज्यांना वसई म्हणजे फक्त सुकेळी आणि विरार लोकलमधली मारामारी एवढंच ठाऊक आहे, त्यांच्यासाठी थोडा खुलासा करतो. आम्ही वसईचे ख्रिस्ती. बोलतो मराठीत, भांडतो मराठीत आणि प्रार्थनाही मराठीतच करतो. आमच्या बायका मिस्साला चर्चमध्ये जातात. आमचे पुरुष मिस्साला चर्चच्या आवारापर्यंत जातात. प्रवचन सुरू झालं की हवा खायला बाहेर येतात, आणि ते संपल्याचा अंदाज घेऊन पुन्हा दारात उभे राहतात. पूर्वी मिस्सा लॅटिनमध्ये होती तेव्हा 'समजत नाही' ही सबब होती. १९६२ ते ६५ च्या व्हॅटिकन परिषदेनंतर ती मराठीत आली, आणि आता 'सगळं समजतं' ही सबब आहे. महिला मंडळाच्या सभेला बसायला जागा नसते. पुरुषांना एकत्र आणायचं तर कुणीतरी मरावं तरी लागतं किंवा निवडणूक तरी लागावी लागते. फादरांना या दोन्ही गोष्टींशिवाय पुरुष एकत्र यायला हवे होते. म्हणून दर महिन्याचा दुसरा शनिवार मुक्रर झाला, कारण त्या दिवशी बँकेला सुट्टी असते. रविवार चालणार नव्हता. रविवारी सकाळी वसईचा पुरुष मटणाच्या रांगेत असतो, आणि तिथली श्रद्धा कुणालाही हलवता यायची नाही.

घरी मी सहज म्हणून सांगितलं, "शनिवारी संध्याकाळी बैठक आहे."

"कसली?"

"पुरुषांची."

"ते कळलंच," ही म्हणाली. "बसणार कुठे?"

मराठीतलं 'बसणे' हे क्रियापद वरवर फार गरीब दिसतं. पण "आज बसू या का?" असं एका पुरुषानं दुसऱ्या पुरुषाला विचारलं, तर खुर्चीचा विचार कुणाच्याही मनात येत नाही. मी हिला सांगितलं की चर्चच्या सभागृहात बसणार, शुभवर्तमान वाचणार, एकमेकांना आपले अनुभव सांगणार आणि चहा पिणार. यातल्या चहावर तिचा सगळ्यात कमी विश्वास बसला.

तयारी म्हणून फादरांनी मला काही पुस्तिका वाचायला दिल्या. त्यातून मला कळलं की पुरुष एकत्र आले की आधी वाद घालतात, हा काही वसईचा शोध नव्हे. फ्रेडरिक ओझानाम हा पॅरिसमधला विद्यार्थी. तिथल्या एका वादसभेत कुणीतरी त्याला टोमणा मारला की, तुमच्या चर्चनं पूर्वी पुष्कळ केलं असेल, पण आज गरिबांसाठी तुम्ही काय करता? तुमच्याआमच्यासारखा माणूस अशा वेळी आणखी एक भाषण करतो. ओझानामनं १८३३ साली चारदोन मित्र जमवले आणि गरिबांच्या घरी जायला सुरुवात केली. पहिल्यांदा म्हणे ते आपलं उरलंसुरलं सरपणच घेऊन गेले. त्यातून संत विन्सेंट डी पॉल यांच्या नावाची संस्था उभी राहिली, ती आज जगभर आहे. या संस्थेच्या बैठकीत एक पिशवी फिरवतात. जो तो मूठ आत घालतो आणि उघडी करून बाहेर काढतो. कुणी किती टाकले ते कुणालाच कळत नाही. पावती नाही, व्हाउचर नाही. बी. कॉम. झालेल्या माणसाच्या पोटात हे वाचून गोळाच येतो.

दुसरी गोष्ट मला जास्त मानवली. अमेरिकेत न्यू हेवन नावाच्या गावी १८८२ साली फादर मॅकगिव्हनी यांनी नाइट्स ऑफ कोलंबस ही पुरुषांची संघटना काढली. कशासाठी, तर सभासद अकाली गेला तर त्याच्या विधवेला आणि पोरांना चार पैसे मिळावेत म्हणून. म्हणजे बंधुभावाला चक्क विम्याची जोड! मला एकदम हायसं वाटलं. मी त्याच दिवशी वर्गणी ठरवून टाकली. महिना पन्नास रुपये.

पहिल्या बैठकीला मोजून बारा जण आले. बारा हा आमच्या धर्मात मोठा मानाचा आकडा. पण येशूच्या बारा शिष्यांत हिशेबाशी संबंध असलेले दोघेच. एक जकातनाक्यावरचा मत्तय, तो नाका सोडून आला आणि संत झाला. हिशेबनीस आणि बँकवाले आज त्यालाच आपला कैवारी मानतात. दुसरा यहूदा. बाराजणांची थैली त्याच्याकडे असायची. खजिनदार म्हणून माझी निवड झाली तेव्हा यातला मी कोण होणार हे स्पष्ट नव्हतं.

बाराजणांची नावं सांगत नाही. ती सगळी मंडळी हा लेख वाचणार आहेत. पण दोघांची ओळख करून द्यायलाच हवी. एक आमचे एस. टी. काका. चौतीस वर्षं एस. टी.त ड्रायव्हर होते. प्रार्थना सुरू झाली की डोळे मिटतात आणि 'आमेन'ला उघडतात, मधला सगळा घाट झोपेत पार करतात. जागे असले की भांडतात. दुसरे सुतारमामा. ते दाराजवळच्या खुर्चीवर बसत आणि विचारल्याशिवाय बोलत नसत.

कार्यक्रम मी आखून दिला होता. सात वाजता प्रार्थना, सव्वासातला वाचन, साडेसातला अनुभवकथन, आठला चहा आणि बटाटेवडा. खुर्च्या गोलाकार मांडलेल्या. एकमेकांची तोंडं दिसावीत म्हणून गोल, असं एका पुस्तिकेत लिहिलं होतं. अनुभवकथनाची वेळ झाली आणि बारा पुरुष बारा जोडी चपलांकडे बघत बसले. शेवटी मी एकेकाला विचारत गेलो.

"काका, तुमचं कसं काय?"

"सगळं ठीक आहे. देवाची कृपा."

"मामा, तुमचं?"

"सगळं ठीक आहे."

तीस मिनिटांचं काम तीन मिनिटांत झालं. मग कुणीतरी पाण्याचा विषय काढला आणि रात्री साडेनऊपर्यंत सभागृह दणाणून गेलं. नळाच्या पाण्याबद्दल पुरुषाच्या अंतःकरणात किती खोल भावना असतात, ते मला त्या रात्री कळलं. फादर थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज इकडे येऊन मराठी शिकला आणि त्यानं सुमारे अकरा हजार ओव्यांचं 'ख्रिस्तपुराण' रचलं. ते १६१६ साली छापून झालं. परक्या भाषेत अकरा हजार ओव्या! आणि आम्हाला मायबोलीत स्वतःबद्दल अकरा शब्द बोलता येईनात.

तरीही बैठक चालू राहिली. कशामुळे चालू राहिली याचा उलगडा प्रायश्चित्तकाळात झाला. ईस्टरच्या आधीचे ते चाळीस दिवस त्यागाचे, म्हणून मी त्या महिन्यात बटाटेवडा रद्द केला. हजेरी बारावरून पाचावर आली. मी खिन्न होऊन फादरांकडे गेलो.

"फादर, ही माणसं देवासाठी येतच नाहीत. वड्यासाठी येतात."

फादर हसले. "येशूनं पाच भाकरी आणि दोन माशांत पाच हजारांना जेवू घातलं. दुसऱ्या दिवशी लोक पुन्हा मागे आले, तेव्हा त्यानं सांगितलं की तुम्ही भाकरीसाठी आला आहात. पण क्रम लक्षात घ्या. आधी जेवू घातलं, मग सुनावलं. तुम्ही वडा बंद करून सुनावताय."

वडा पुन्हा सुरू झाला. पण मी हार मानली नाही. हेतू मोजता येत नसला तरी हजेरी मोजता येते. मी बँकेतून येताना एक जाड रजिस्टर विकत आणलं (विकत, हे ऑडिटरसाठी लिहितोय). रकाने आखले : दिनांक, नाव, सही, शेरा. पहिल्या पानावर नियम लिहिला : 'सलग तीन बैठकांना विनाकारण गैरहजर राहणाऱ्याचं नाव कमी करण्यात येईल.' सगळ्यांनी सही केली. सुतारमामांनी सुद्धा.

पुढे सुतारमामाच तीन बैठकांना आले नाहीत. मी तांबड्या शाईनं त्यांच्या नावावर रेघ मारली आणि शेऱ्यात लिहिलं, 'कमी केले.' रेघ पट्टीनं मारली होती, सरळ आली होती. खोटं कशाला बोलू, मला थोडं समाधानही वाटलं. नियम सगळ्यांना सारखा.

आता एक क्षुल्लक गोष्ट. त्या तीन महिन्यांत बैठक दर वेळी उशिरा सुरू होऊ लागली, कारण खुर्च्या मांडलेल्या नसत. "खुर्च्या कोण मांडतं?" म्हणून पहिल्यांदा वाद झाला, दुसऱ्यांदा भांडण झालं आणि तिसऱ्यांदा मी त्यासाठी उपसमिती नेमली. आजवर कोण मांडत होतं, हा प्रश्न आमच्यापैकी एकालाही पडला नाही. आम्ही यायचो तेव्हा त्या मांडलेल्याच असायच्या, जशा सकाळी उठल्यावर झाडाखाली फुलं पडलेली असतात.

त्यानंतरच्या एका मंगळवारी संध्याकाळी मी दादर स्टेशनवर विरार गाडीची वाट पाहत उभा होतो. बाकावर सुतारमामा बसले होते. शेजारी मामी. डोक्याला रुमाल घट्ट बांधलेला, आणि मांडीवर इस्पितळाची ती मोठी पिशवी, जिच्यात एक्सरे ठेवतात. मामी पूर्वीच्या निम्म्याही उरल्या नव्हत्या.

"गर्दी आहे," मामा म्हणाले. "तीन गाड्या सोडल्या. जरा कमी झाली की चढू."

मी काय विचारायला हवं होतं? पण तोंडाला सवय असते. मी विचारलं, "कसं काय?"

मामांच्याही तोंडाला सवय होती. ते म्हणाले, "सगळं ठीक आहे."

मामी खाली रुळांकडे बघत होत्या.

हळूहळू कळलं. पाच महिने झाले होते. एक मंगळवार सोडून एक मंगळवार परळचं इस्पितळ. औषध चढवलं की पुढचे काही दिवस मामींना पाणीसुद्धा पचायचं नाही, त्यामुळे शनिवारी घर सोडता येत नव्हतं. कामं बंद पडली होती. हे कुणाला सांगितलं होतं का? नाही. का नाही? मामांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "कुणी विचारलं नाही." तक्रार म्हणून नव्हे हो. मी विचारलं, म्हणून माहिती दिली.

आणि मग त्यांनी खिशातून दीडशे रुपये काढले. "तीन महिन्यांची वर्गणी राहिली होती. मनाला लागून राहिलं होतं."

मी ते घेतले. 'नको' म्हणायचं मला सुचलं नाही. एकवीस वर्षं काउंटरवर काढलेल्या माणसापुढे कुणी पैसे धरले की त्याचा हात आपोआप पुढे जातो. यहूदा की मत्तय, हा प्रश्न दादरच्या पाच नंबरवर निकालात निघाला.

त्या रात्री मला झोप आली नाही, आणि डोक्यात आलं ते शुभवर्तमान नव्हे. आलं ते बँकेचं परिपत्रक. आमच्याकडे खातेदारानं दोन वर्षं व्यवहार केला नाही की खातं निष्क्रिय ठरतं. पण बँक अशी एकदम तांबडी रेघ मारत नाही. खातेदाराला कळवावं लागतं. पत्र परत आलं तर ठावठिकाणा शोधावा लागतो, खातं उघडताना ज्यानं ओळख दिली त्याला विचारावं लागतं. दहा वर्षं उलटली तर रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते, पण त्यानंतरही खातेदार उगवला तर त्याचे पैसे त्याला द्यावेच लागतात. म्हणजे बघा, ज्या बँकेला सगळे निर्दय म्हणतात, तीसुद्धा दोन वर्षं थांबते आणि शोध घेते. आणि आम्ही 'बंधू' म्हणवणाऱ्यांनी एका माणसाला तीन महिन्यांत निकाली काढलं. नियमात 'विनाकारण' हा शब्द मीच घातला होता. कारण कोण विचारणार, याचा रकाना मात्र आखला नव्हता.

देवानं काइनला भावाबद्दल विचारलं तेव्हा तो उलटून म्हणाला की मी काय त्याची राखण करतो? लहानपणी ही गोष्ट ऐकताना मला काइनचा राग यायचा. आता वाटतं, त्याच्याकडे हजेरीचं रजिस्टर असतं तर त्यानं ते उघडून दाखवलं असतं : हे पाहा, गैरहजर!

आणि तसं पाहिलं तर आमच्या धर्मातली पुरुषांची बैठक पहिल्यांदा फसली ती गेथशेमनीच्या बागेत. दुसऱ्या दिवशी मरण समोर दिसत असताना येशूनं तिघा मित्रांना बरोबर नेलं. मागणं एवढंच, की माझ्याबरोबर जागे राहा. भाषण नको, अनुभवकथन नको, वर्गणीही नको. नुसतं जागं राहायचं. तिघंही झोपले. बंधुभावाचं सगळं देणं बहुधा तेवढंच असावं, आणि तेवढंच द्यायला जड जातं.

पुढच्या बैठकीत मी रजिस्टर उघडून ती रेघ सगळ्यांना दाखवली आणि दादरची हकीगत सांगितली. कुणी चपलांकडे बघितलं नाही. बराच वेळ कुणी बोललंच नाही. मग झोपलेत असं ज्यांच्याबद्दल मी धरून चाललो होतो ते एस. टी. काका डोळे न उघडता म्हणाले, "येत्या मंगळवारी मी जातो बरोबर. दादरला चढायचं कसं ते मला माहीत आहे."

त्यानंतर वाद झालाच. कुणी कधी जायचं, कुणी मामांच्या वाडीत पाणी सोडायचं, डबा कुणाच्या घरून, यावर एवढं तुंबळ भांडण झालं की फादर धावत आले. बायकांनी डब्याचं आधीच ठरवलं होतं हे नंतर समजलं. महिला मंडळाला पाच महिन्यांपूर्वीपासून सगळं माहीत होतं. त्यांच्यातल्या दोघी दर आठवड्याला मामींकडे जात होत्या. "मग मला सांगितलं का नाहीस?" असं मी हिला विचारलं. ही म्हणाली, "मला वाटलं, तुमची बैठक असते म्हणजे तुम्हाला ठाऊक असणारच."

एका मंगळवारी माझीही पाळी आली. मी रजा टाकून गेलो. इस्पितळाच्या व्हरांड्यात मामा आणि मी चार तास शेजारी शेजारी बसून होतो, समोर भिंत. पहिला तास गप्प. दुसऱ्या तासात मामा भिंतीकडे बघत बोलायला लागले. लग्नाचं बोलले, कर्जाचं बोलले, रात्री भीती वाटते ते बोलले. मीही भिंतीकडे बघत माझं थोडं बोललो, जे मी हिलाही सांगितलेलं नाही. तेव्हा कळलं की पुरुषाला समोरासमोर गोलात बसवलं की तो चपला बघतो. त्याला शेजारी बसवावं आणि समोर भिंत, खिडकी किंवा सोलायला बटाटे द्यावेत. आता आम्ही वडे सभागृहामागे स्वतःच तळतो. अनुभवकथन तिथंच होतं, बटाटे कुस्करताना. कार्यक्रमपत्रिकेत त्याची नोंद नाही.

मामींचं पुढे काय होणार ते डॉक्टरही सांगत नाहीत. मामा जमेल तेव्हा येतात, आणि आले की आमच्या आधी येऊन खुर्च्या मांडतात. उपसमिती बरखास्त केली आहे. रजिस्टरमध्ये मी एक रकाना वाढवला आहे : 'कोण विचारून आलं?' हा रकाना कोरा राहिला तर गैरहजेरी त्या माणसाची नव्हे, आमची धरायची.

माणसं देवासाठी येतात की वड्यासाठी, हा प्रश्न मी सोडून दिला आहे. न आलेल्यासाठी कुणी उठून जातं का, एवढंच पाहतो.

गेल्या महिन्यात मला ताप आला. बैठक चुकली. रात्री नऊ वाजता दार वाजलं. बाहेर बारा पुरुष, हातात उरलेले वडे. एवढ्या माणसांना आमच्या घरात खुर्च्या नाहीत, सगळे जमिनीवर बसले.

"कसं काय?" एस. टी. काकांनी विचारलं.

"सगळं ठीक आहे," मी म्हणालो.

काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग हिच्याकडे पाहिलं आणि मांडी घालत म्हणाले, "आम्ही थांबतो."

स्वयंपाकघरात चहाचं मोठं पातेलं आदळल्याचा आवाज आला. "शेवटी इथंच बसले म्हणायचे!" ही म्हणाली. पण आवाजात राग नव्हता. मी भिंतीकडे तोंड केलं आणि सांगायला सुरुवात केली.